आवक क्रमांक १

विटा नगरपरिषद, पहिला मजला.
जन्म डावीकडच्या कपाटात, मृत्यू उजवीकडच्या.
मधल्यात पूर्वी कुत्र्यांचे परवाने असत.
ते रिकामं झालं आणि माझ्या नावानं आदेश निघाला:
श्रीमती मुजावर, लिपिक, यांची
अभिरक्षक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे.
कशाची, ते खालच्या ओळीत होतं.
मी दोनदा वाचलं. शिपाई म्हणाला, भत्ता आहे का?

सात महिने कुणी आलं नाही.
मग तातोबा मुळीक आले, गलाईवाले,
चाळीस वर्षं त्रिशूरला सोनं गाळून परतलेले,
बोटांची टोकं तेजाबानं इतकी गुळगुळीत
की आधारच्या यंत्रानं तीनदा माघारी धाडलेलं.
सोबत दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का
आणि टाइप केलेलं एक पान:
शुद्धीवर येणार नसेन
तर नळ्या घालून मला थांबवून ठेवू नये.

"ह्ये तुमच्याकडंच ठेवायचं म्हनं."
हो म्हटलं.
"मरान माझं, आन् कपाट सरकारचं."
मी पोच लिहीत होते.
"रेशनकार्डावर माझं नाव तानोबा हाय बघा.
बावीस वर्षं अर्ज देतोय.
हितं तरी नीट लिवा."
मी नीट लिहिलं.
त, काना. त, काना-मात्रा. ब, काना.

जाता जाता दारात थबकले.
"मूस भट्टीतनं कवा काढायची
त्ये पुस्तकात नसतंय, बाई. रंग बघायचा.
लवकर काढली तर खोट ऱ्हाती,
उशीर केला तर मूसच तडकती.
मालक शेजारी हुबा असतोय, जीव मुठीत धरून,
पर सांडशी त्येच्या हातात द्यायची न्हाई."
मालक म्हणजे कोण,
ते विचारायचं राहिलं.

दुसरा शनिवार. मिरजेहून फोन.
मुलगा बोलत होता, मध्येच कुणाशी तरी मल्याळममध्ये.
अतिदक्षतेत अकरावा दिवस.
पहिलं मंडळ बसलं, तिन्ही डॉक्टरांचं एकमत.
दुसरं बसायचंय, त्यातला एक
जिल्हा शल्यचिकित्सकांच्या यादीतला, तो शिबिरात.
मग दंडाधिकाऱ्यांना कळवायचं.
आणि त्याआधी कागद.
घरातली प्रत सापडत नाही.
आई म्हणते, असा कागदच नव्हता.

कार्यालय बंद आहे, म्हणता आलं असतं.
खोटंही नव्हतं.
फोन कानाला तसाच धरून
मी दूध उतू जाताना बघत राहिले.
मग किल्ली घेतली.
जिन्यात कबुतरं, वीज गेलेली,
खिडकीशी नेऊन पानाचा फोटो काढला,
खाली सही केली, हुद्दा लिहिला, वेळ लिहिली:
अकरा वाजून चाळीस.

मंगळवारी ते गेले.

तेराव्यानंतर दाखल्यासाठी त्यांची बायको आली,
हिरव्या पिशवीत सगळे कागद, मेलेल्याचे आणि जित्यांचे.
म्हणाली, त्यो कागद दावा.
मी मधलं कपाट उघडलं.
वाचता येत नव्हतं तिला.
सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.
"त्येंचीच हाय," म्हणाली.
मग माझ्याकडं बघून, आवाज न चढवता:
"शनवार हुता की त्यो.
तुला सुट्टी न्हवती व्हय?"

मी दाखला छापला. तीन प्रती, शुल्क घेतलं नाही,
म्हणजे घेतलं, माझ्या पर्समधून.
त, काना. त, काना-मात्रा. ब, काना.
मृत्यूचं कारण, ठिकाण, वेळ, सगळ्याला रकाना होता.

जन्म आणि मृत्यू, अ वर्ग, कायम जतन.
पाणीपट्टीची तक्रार, ड वर्ग, वर्षानं नष्ट.
हे पान कुठल्या वर्गात घालायचं?
वरिष्ठांना विचारलं. म्हणाले, मार्गदर्शन मागवा.
मागवलंय. दोन स्मरणपत्रं झाली.

तोवर ते तिथंच आहे, एकटं.
परवा खालचा कप्पा झाडताना
कुत्र्याच्या गळ्यातला एक पितळी बिल्ला सापडला,
वर नंबर, आत नगरपरिषदेचं नाव.
फेकून द्यायला हवा होता.