एक जानेवारी, दोन हजार सात

हेल्वेबाईंनी कॉम्प्युटर आणला
नातवाच्या घसरगाडीवर बांधून,
बर्फातून ओढत, स्टेशनामागच्या माझ्या खोलीपर्यंत.
गाठ सुटता सुटेना.
जन्मभर लोकर विकलेली बाई.

"पाटी कोरी करून दे," म्हणाल्या,
"कारखान्यातून आला तेव्हा होता तसा.
दुकान विकलं. हा जाणार अग्निशमन केंद्रात,
रात्रपाळीची पोरं पत्ते खेळतील त्याच्यावर."

मी बाजूचं झाकण काढलं.
पंख्याभोवती तंतू बसून बसून
नमदा झालेला.
वर पिवळा, खाली विटकरी, मग निळा,
अगदी तळाला राखाडी :
ज्या हिवाळ्यात जे खपलं त्याचा थर.
बाईंनी नखानं उचकटून पाहिला.
"निळा चौदा सालचा.
त्या वर्षी अख्ख्या वाल्गाला निळे हातमोजे हवे होते,
का, ते विचारू नकोस."

"यातलं काही ठेवायचंय?"
विचारावंच लागतं मला.
नाही म्हणाल्या.
मग खुर्ची ओढली, आणि उधारीची वही उघडायला लावली,
स्क्रीनवरची.
खाली. अजून खाली.
थांब.

वेल्ता क्रूमिन्या, पलीकडची.
राखाडी लोकर, अकरा लडी.
तीनशे बारा क्रोन. बाकी.

क्रोन आता चालत नाही. वेल्ताही नाही.
बाईंनी वीजबिलाच्या पाकिटावर
पेन्सिलीनं ती ओळ उतरवून घेतली,
आकड्याखाली रेघ मारली.
"हं. आता पूस."

आमचा रस्ता एस्टोनियात सुरू होतो
आणि लाटवियात संपतो.
मधे एक ओढा, पोराटोरांनी उडी मारावी एवढा.
पूर्वी तिथे लाल-पांढरा दांडा आडवा असे,
आणि अकरा लडींसाठी पासपोर्ट लागे.

मी एफ अकरा दाबून धरलं.
डिस्कच्या एका कोपऱ्यात, कुणाचं बोट पोचत नाही तिथे,
यंत्रानं आपला पहिला दिवस लपवून ठेवलेला असतो.
शेकडो वेळा पाहिलंय,
तरी दर वेळी जरा दबकून बघतो.
माझ्यात असा कोपरा असता
तर बायकोनं केव्हाच एफ अकरा दाबलं असतं.

चाळीस टक्क्यांवर अडकलं.
बाईंनी थर्मासमधला चहा माझ्याही कपात ओतला.
मी कॅबिनेटला एक थाप मारली,
याला काही शास्त्र नाही,
पुढे सरकलं.

स्वागत. आपलं नाव?
व्हायरसपासून संरक्षण, तीस दिवस फुकट.
(ती कंपनी बुडाली त्याला दहा वर्षं झाली.)
चलन : क्रोन.
नाण्याएवढी बॅटरी आत कधीची मेलेली,
म्हणून कोपऱ्यात तारीख
एक जानेवारी, दोन हजार सात,
मध्यरात्र उलटून चार मिनिटं.

दांडा उचलला तो त्याच वर्षी, पण डिसेंबरात.

बाई बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या.
"म्हणजे वेल्ता आत्ता रांगेत उभी असेल," म्हणाल्या,
"पासपोर्ट हातमोज्यात खुपसून."

नवी बॅटरी माझ्या चिमटीत.
अर्ध्या मिनिटाचं काम.
चार मिनिटांची सहा झाली, सहाची नऊ.

"बसव," त्याच म्हणाल्या शेवटी.
"थंडी आहे तिकडे."

कीबोर्डचं मात्र काही करता आलं नाही.
एलचं बटण झिजून गुळगुळीत, अक्षर गेलेलं;
आमच्या भाषेतही लोकर ल-पासूनच सुरू होते.
सुंभ जळतो, पीळ राहतो.
अग्निशमनवाल्यांना सांगावं लागेल,
पत्त्यांना एल लागत नाही बहुतेक.

पुन्हा तीच गाठ बांधली त्यांनी, तशीच.
"किती झाले?"
"पंधरा युरो."
"बाकी लिहून ठेव,"
असं म्हणून घसरगाडी ओढत निघाल्या.