बिरिबोचं घड्याळ

किरितिमातीच्या उथळ खाऱ्या पाण्यात
बिरिबो मनगटावर काही बांधत नाही,
तरी दिवसभर वेळ सांगतो:
"अकरा वाजता. चाळीस फूट. टाक!"
नवखा पाहुणा आधी सूर्याकडे बघतो.

नाकासमोर बारा,
बाकीचे काटे मासे फिरवतात.

मासा दिसतच नाही,
दिसते वाळूवरची सावली.
तिच्या हातभर पुढे
आवाज न करता उतरावी
कोंबडीच्या पिसाची खोटी कोळंबी.

यंदा त्याच्या उजव्या डोळ्यात दूध उतरलंय.
ठाऊक फक्त तेरेतियाला.
ती मागून बापाचा सदरा ओढते,
एकदा म्हणजे डावीकडे,
दोनदा म्हणजे थांब.

आज ओढला नव्हता,
तरी म्हणाला, "दोन वाजता."
रीळ किंचाळत सुटलं.

हात ओले करून तिनं मासा सोडला,
हळूच म्हणाली,
"तीन वाजले होते, बाबा."