शेऱ्याचा रकाना

मार्च संपायला चार दिवस.
संशोधन कक्षाचा एसी टपकतोय, खाली बादली,
आणि माझ्यासमोर रकाने:
अनुक्रमांक, नाव, विभाग, शीर्षक, वर्ष, शेरा.
मी लिपिक. वाचायचं माझं काम नाही,
उतरवून घ्यायचं.

तरी सव्विसाव्या ओळीवर हात थांबतो.
डॉ. नाझनीन तुंगेकर, प्राणिशास्त्र:
ऐरोलीच्या खाडीतल्या खेकड्यांची बिळं
भरती-ओहोटीनुसार किती खोल जातात.
एकशे नव्वद बिळं मोजली बाईंनी.
त्यांच्या चपला दाराशी पाहिल्यात मी,
चिखल वाळून दुसरा तळ आलाय त्यांना.

त्यांच्या खालीच गणिताचे अय्यर सर.
शीर्षकातलं 'आणि' सोडून
मला काहीच कळत नाही.
विचारलं, तर म्हणाले, गाठी. दोरीच्या गाठी.
कुठली गाठ खरी आणि कुठली नुसती दिसायला.
उपयोग काय, हे माझ्या ओठावर आलं होतं,
पण ते माझ्याच फायलीची नाडी
सोडत-बांधत राहिले,
इतकी हळू, की चहा गार झाला दोघांचा.

तुर्भ्याच्या खाणीतली धूळ छातीत किती उरते, हे रसायनचं.
वाशीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून
भाव कसा ठरायचा, हे अर्थशास्त्राचं;
परेरा सर त्यासाठी पहाटे चारला
सहा महिने कांद्याच्या गोण्यांवर बसायचे,
जुन्या दलालांच्या आठवणी ऐकत.
बोटांची भाषा सगळ्यांनी सांगितली,
हातात बोट एकानेही दिलं नाही.
हे वाक्य निबंधात नाही. कॅन्टीनमध्ये बोलले.

संस्कृतचे कोपरकर सर सात वर्षं
एका ताम्रपटातल्या एकाच पुसट अक्षरापाशी.
तो 'व' की 'च'?
यंदाही नावापुढे शून्य.
कुलसचिव म्हणाले, शून्यवाल्यांना लाल रंग द्या.
मी दिला. फिकट दिला.

मग ओळ एकशे बारा. मराठी विभाग, वृषाली देवरुखकर.
'घणसोली-गोठिवलीच्या धवलारिणींची लग्नगीते.'
ही फाइल मी उघडली.
पान नऊ, तळटीप चौदा:
माहितीदाता क्र. ७, स्त्री, वय ७१, निरक्षर.

माझी आई.
जिने धवला म्हटल्याशिवाय
आमच्या आळीत हळद उतरली नाही कुणाची,
ती गोमीबाय. सात नंबर.

डोकं तापवूनच घरी गेलो.
आई राखेत निवट्या घोळत होती.
सगळं ऐकून म्हणाली,
"ती पोरगी? चार येला आयली.
चुलीम्होरं बसली, निवट्या खाल्ल्यान.
एक कडवं मनाच आठवं ना,
तिनंच तिच्या टेपातशी आयकवलान."
मग हात थांबवून:
"सात मंजे माझ्याम्होरं आजून सा जनी गातान का रं?
कोन कोन?"

मला एकही नाव सांगता येईना.

सकाळी मराठी विभागाच्या दारात उभा राहिलो.
मॅडम म्हणाल्या, नावं सांगता येत नाहीत, नियम आहे.
मग आवाज खाली आणून: दोघी गेल्या.
उरल्यात त्यांना आधी विचारते.
त्या हो म्हणाल्या, तर आईंना घेऊन जाऊ, गुरुवारी.
रिक्षाचं भाडं माझं.

परत आलो. बादली भरली होती, ओतली.
कोपरकर सरांच्या ओळीचा लाल काढला
आणि शेऱ्यात टाइप केलं:
अक्षर अजून वाचत आहेत.

संध्याकाळी यादी सहीला गेली.
सही झाली.
वाचली नसणार कुणी.