फळीचा ठसा

बताक्यावर धंदा लिहिलाय: सुतार.
चार वर्षं झाली दोह्यात,
अजून एकही वस्तू केली नाही
जी लाकडाची म्हणून कुणाच्या घरात जाईल.

मी पेट्या करतो. पोकळ,
खांबाच्या मापाच्या, तुळईच्या मापाच्या.
आतून फळीला तेल चोपडतो
चिकटू नये म्हणून.
खिळे निम्मेच ठोकतो, डोकी बाहेर ठेवून,
कारण उपटायचेत.
दाजी असते तर म्हणाले असते,
निम्मा खिळा ठोकतो तो सुतार नव्हे, पाहुणा.

रात्री पंप येतो, पेटीत काँक्रीट पडतं.
दोन दिवसांनी टेक बहादूर पहार घेऊन येतो
आणि माझं काम काढून टाकतो.
राहतो तो खांब. खांब कंपनीचा.
फळ्या वरच्या मजल्यावर.
फळ्यांमागून मी.

रडगाणं नाही हे. पगार येतो,
एकला नाही तर वीसला.
इथे ओटी म्हणजे ओव्हरटाइम.
गावी ओटी म्हणजे पडवीपुढची बसायची जागा.
या ओटीतून ती ओटी बांधली,
अजून बसलो नाही तिच्यावर.
दारं राजापुरातून तयार आणली, फॅक्टरीची.
घरात सुतार नव्हता ना.

पहाटे चारला सनाइयाच्या गेटवर
यंत्र बोट मागतं.
सिमेंटनं बोटाच्या रेघा खाल्ल्यात.
परत ठेवा, म्हणतं. परत ठेवा.
मागून कुणी मल्याळीत काही बोलतो,
त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.
मग जॉर्जकुट्टी वहीत लिहितो: ४४७१, हजर.

एकदा तळघरात, तिसऱ्या पार्किंगमध्ये,
सोळा नंबरची पेटी उघडली
तर खांबावर फळीच्या रेघा उमटलेल्या.
अगदी गाठसुद्धा.
आणि गाठीशेजारी मी पेन्सिलीनं केलेली खूण,
‘मे’, मेस्त्रीतला, उलटा,
आरशात दिसावा तसा.
हात लावला. खांब गरम होता.
काँक्रीट काही दिवस आतून तापतं,
अंगात ताप असल्यासारखं.
माझं बोट यंत्राला पटत नाही,
फळीचं बोट पटलं होतं.

मग हबीबुर आला ग्राइंडर घेऊन.
म्हटलं, एवढं राहू दे.
तो मास्क खाली ओढून म्हणाला,
ड्रॉइंगमध्ये गुळगुळीत आहे, भाई.
त्याचे हात यंत्र बंद झाल्यावरही थरथरतात,
रात्री डाळ ताटाबाहेर सांडते.
त्याला काय बोलणार.
भिंतीकडच्या बाजूला ग्राइंडर पोचला नाही,
चार बोटं रेघा तेवढ्या राहिल्या.
की त्यानं ठेवल्या? विचारायचं राहिलं,
तो आता दुसऱ्या साइटवर आहे.

बिल्डिंग उघडली. एका शुक्रवारी
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
केनियाचा गार्ड म्हणाला, गाडी कुठेय?
गाडी नाही, खांब बघायचाय.
तो हसला. मग हसायचा थांबला.
आत सोडलं नाही, त्याचीही नोकरी.
नंबर मात्र विचारला.
सोळा, म्हटलं, मागच्या बाजूनं.
रात्री फेरीला जाशील तेव्हा हात लावून बघ.

काल रात्री शलाकाचा फोन.
बाबा, ओटीवरचं दार फुगलंय, लागत नाही.
माळ्यावर रंधा आहे, म्हटलं,
दाजींचा, बोरीच्या लाकडाचा. पातं सांभाळ.
तिनं फोन खिडकीत उभा केला.
बाराजणांच्या खोलीत, वरच्या बंकवर,
मी कानाला लावून ऐकत राहिलो.
खरखर. अडकलं.
उलटं नको गं, म्हटलं,
रेघेबरोबर जा.
परत खरखर.
रेघ बघ आधी, हात फिरव, सापडते.
खालच्या बंकवरून कुणी म्हणालं, झोप आता.