बारा नंबर

अवधानच्या एमआयडीसीत, वजनकाट्यावरच
फुटली गाठ.
रात्री पावणेदोनला.
आवाज बंदुकीसारखा म्हणावा तर तसा नाही,
मोठ्या पातेल्याची कडी कुणी उपटावी, तसा.
मग दुसरी तार. मग तिसरी.
आणि तीनशे ऐंशी किलो बाटल्या
ट्रकच्या फाळक्यावरून धाडधाड उतरल्या
धुळ्याच्या अंधारात.

ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही.
तार मीच मागवली होती.
चौदा नंबर. किलोत लांबी जास्त भरते म्हणून.
या धंद्यात आकडा वाढला की तार बारीक होते,
हे शिकायला मला सहा महिने लागले
आणि विसरायला एक कोटेशन.

सकाळी तीन नमुने टेबलावर.
जस्ताची, रुखवतात मांडल्यासारखी चकचकीत;
दोनदा वाकते, तिसऱ्यांदा तुटते.
दहा नंबरची, जाड, मनगट मागणारी.
सुपडूचा अंगठा तिनं मागच्या साली मागून झालाय.
आणि काळी, बारा नंबर,
भट्टीत तावून सावकाश निवू दिलेली,
तेलकट, बोटांना डाग लावणारी.
पिळा घातला की बसते.
सोडवायला गेलं तर
जरा विचार करते.

गफूर पिंजारी एकतीस वर्षं दोंडाईच्याच्या प्रेसवर
कापसाच्या गाठी बांधत होता.
आता आमच्या गेटवर असतो,
डब्यात भाकरी, खिशात पकड, सवयीनं.
त्यानं तिन्ही तारा नखानं वाजवल्या, कानाशी धरून,
आणि काळी माझ्याकडे सरकवली.
"कापूस दाबा, निजी जास.
पुठ्ठा रुसस, जराखा फुगस, मंग गप.
पन बाटली?
बाटली काहीच इसरस नही."

तरी मी तीन गाठी बांधून घेतल्या, तीन तारांच्या,
आणि ठेवल्या उघड्यावर.
वैशाख. चव्वेचाळीस अंश.
दर तासाला खडू घेऊन जायचे,
फुगवट्याची रेघ मारायचे,
ऊन डोक्यात, आणि पदराला तारेचं तेल.
तीनच्या सुमाराला कान लावला
तर आतून टक्, टक्,
बंद खोलीत कुणी बोटं मोडत असल्यागत.

रात्रीच्या ढिगातली एक बाटली उचलली.
झाकण लावलेलं.
दुसरी. झाकण.
तिसरी, चौथी, निळी, पांढरी, हिरवी झाकणं,
पाणी संपल्यावरही घट्ट फिरवलेली.
काय राखायचं असतं माणसाला
रिकाम्या बाटलीत?

फेब्रुवारीत शेठ म्हणाले होते,
टोपणं काढायला दोन बाया कशाला,
मशीन दाबतंच की.
जैतूनबी आणि कमळाबाई,
रोज दोनशे ऐंशी.
त्यांचा शेवटचा हिशेब
याच टेबलावर, माझ्याच अक्षरात.

गफूर माझ्यामागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
"तार नही तुटनी, माय," तो म्हणाला.
"वारा सुटना."

ऑर्डर लिहिली. काळी तार, बारा नंबर, एक टन.
आणि खाली, रकाना नव्हता म्हणून समासात:
दोन बाया, टोपणांसाठी.
शेठनी चष्मा कपाळावर सरकवला.
"तारेच्या बिलात बाया कशा?"
मी म्हटलं, गाठीचाच खर्च आहे.
ते काही बोलले नाहीत. सहीही लगेच केली नाही.
चहा येऊन गेल्यावर केली.

सोमवारी जैतूनबी आली.
पोत्यावर बसली, पाय पसरून,
आणि अंगठ्यानं पहिलं झाकण फिरवलं.
फुस्स.
कोण जाणे कुठल्या बसस्टँडवरचा वारा
आमच्या आवारात.

काल रात्री त्या गाठी काट्यावर चढल्या.
प्रत्येकीला पाच काळ्या तारा.
मी कान देऊन उभी.
काहीच ऐकू आलं नाही.
तरी ट्रक हायवेच्या वळणापार जाईस्तोवर
पावती फाडली नाही.