अकरावा भाग

सागर विहारला भरती लागलेली. बाकावर आम्ही चौघं,
मध्ये भाजलेल्या शेंगांची पुडी
आणि वाद तोच, चाळीस वर्षांचा:
‘शततारका’चा सगळ्यात भारी भाग कोणता?

कोचरेकर म्हणतो, चौथा.
ज्यात यानाला वाळवी लागते.
अंतराळात वाळवी! आम्ही हसतो,
मग तो चिडून अख्खा प्रवेश म्हणून दाखवतो,
भोपळ्या रोबोच्या डब्यातून आल्यासारख्या आवाजात,
आणि फिरायला आलेलं एक पोर आईच्या मागे दडतं.

बर्नार्ड डाबरेला नववा.
काळ उलटा वाहणाऱ्या ग्रहावर
कमांडर आपल्याच लहानपणीच्या वेणीला रिबीन बांधते.
त्या वर्षी बर्नार्डची आई गेली होती.
तो ते बोलत नाही. आम्ही शेंगा सोलतो.

यानाची भिंत थर्माकोलची, हे तेव्हाही दिसायचं.
सहाव्या भागात तर कंट्रोल पॅनेलमागे
कुणाचा तरी जेवणाचा डबा राहून गेला होता.
पण आम्ही वाशीत नवे.
सेक्टर, टाइप, बिल्डिंग, खोली: पत्ता सगळा आकड्यांचा,
रस्ते रुंद, रिकामे, काठीला बांधलेली झाडं,
रात्री तिवरांतून कोल्ह्यांची हाळी.
परग्रह म्हणजे काय, हे आम्हाला
कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तेरा भाग. पुन्हा कधी लागले नाहीत.
टेपा पुसल्या म्हणतात.
आता मालिका आहे ती या बाकावर,
चार डोक्यांत, चार प्रकारची.

आणि अकराव्यापाशी मात्र सगळ्यांचं एकमत.

अकराव्याच्या रात्री सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
मी तेवढा ठाण्यात, नौपाड्याला, मावशीकडे.
सोमवारी जिन्यात सगळ्यांनी मला घेरलं:
सांग.
मी सांगितलं.
यान जड झालंय, इंधन संपत आलंय,
यंत्रज्ञ मीनाक्षी एका मेलेल्या चंद्रावर उतरते, एकटी,
हातात फक्त विजेरी.
“मी दिवा हलवत राहीन.
दिसेनासा झाला, तर तुम्ही लांब पोचलात असं समजा.
मी विझले असं समजू नका.”

कोचरेकरनं हे वाक्य विमानतळावर लेकीला ऐकवलं,
ती मेलबर्नला निघाली तेव्हा.

मावशीकडे लाइट होते. टीव्हीही होता.
पण तिच्या सासऱ्यांचा नववा दिवस,
टीव्हीवर क्रोशाचं झाकण, झाकणावर पंचांग,
आणि मी समोर बसून
त्या झाकणाच्या भोकांतून
काचेचा काळोख बघत होतो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

चहा आणायला ते दोघं उठले, तेव्हा
कुमुद म्हणाली, खाडीकडे बघत,
“आम्ही तेव्हा अजून कळव्याला, बोर्डाच्या क्वार्टर्समध्ये.
आमच्याकडे लाइट गेले नव्हते, सुधन्वा.”

पाणी तिवरांच्या मुळांत शिरत होतं.
काही वेळ मला तेवढंच ऐकू आलं.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?
पुढच्याच महिन्यात तर राहायला आलात.”
“सगळ्यांना पाठ झालं होतं तोवर.
तू जिन्यात विजेरीसुद्धा हलवून दाखवायचास.”

“खरं काय होतं अकराव्यात?”
तिनं एक शेंग फोडली, आत दाणा नव्हता.
“लग्न. मीनाक्षीचं. कमांडरच्या भावाशी.
अंतरपाट चांदीच्या कागदाचा.”
“शी.”
“हो ना.”

तेवढ्यात चार ग्लास सांभाळत ते आले,
आणि बर्नार्डनं बसता बसता
जुनाच प्रश्न पुन्हा काढला:
चंद्रावर राहिली ना ती,
मग बाराव्यात यानात कशी? मंगळसूत्र कुठून आलं?
यावर त्याच्याकडे नवीन तर्क आहे,
काल रात्री दोन वाजता सुचलेला.

कुमुदनं ग्लास तोंडाला लावला.
मी पुढे सरकून बसलो.
म्हटलं, सांग.
मलाही कधीपासून जाणून घ्यायचंय,
तिला तिथून आणलं कुणी.