शब्दाला पाच कोपेक

दर मंगळवारी अकराला, वाचनालयाच्या माडीवर
मी म्हाताऱ्यांना टॅब्लेट शिकवते.
नोव्हेंबरात सारेमा बेटावर दुसरं करायचं तरी काय?
बाहेर समुद्र शिशासारखा, सकाळची फेरी रद्द.
आत पाच चष्मे
आणि ओल्या लोकरीचा वास.

लेइडा तार-ऑफिसात होती, एकतीस वर्षं.
तिची बोटं अजून टेबलावर
कट्ट-कड-कट्ट करतात, तिच्याही नकळत.
लोक लांबलचक वाक्यं घेऊन यायचे,
ती खिडकीतून हात घालून कातरायची.
‘प्रिय’ काढा. ‘कृपया’ काढा.
‘आई गेली हे कळवताना दुःख होते’ –
दुःख काढा, पैसे वाचतील.
शब्दाला पाच कोपेक.

मी म्हटलं, बाणावर बोट दाबून धरा,
उचलू नका.
आता तो विचारील :
दणकन? हळुवार? मोठ्यानं?
की अदृश्य शाई?

“अक्षरांनी उड्या कशाला मारायच्या?” लेइडा म्हणाली.
“रांगेत उभं राहावं, निरोप द्यावा, घरी जावं.”
पण पाचच मिनिटांत माझ्या पडद्यावर
तिचे दोन शब्द आले, ‘बटाटे उकडले’,
आणि त्यामागे अख्खं आभाळभर आतषबाजी.
इल्मारनं ‘पाठ दुखते’ला
लाल-हिरवे झोत सोडले.
हसता हसता कुणाची तरी कवळी सुटली.

मग ती गप्प झाली.
तार्मोला कळवायचं होतं.
तार्मो तिचा मुलगा, तुर्कूला इमारतींवर काम करतो.
बापाची नाव विकली त्या दिवसापासून
दोघांत फक्त वाढदिवसाचं बोलणं.
तिनं एकेक अक्षर ठोकलं :
‘मुरी काल रात्री गेली.’
मुरी म्हणजे कुत्री. सोळा वर्षांची.
त्यानंच पिल्लू असताना कोटात घालून आणलेली.

तिला ‘हळुवार’ हवं होतं.
बोट घसरलं.

फुगे.
निळे, पिवळे, गुलाबी,
त्या चार शब्दांच्या पोटातून वर, वर,
आणि लेइडा दोन्ही तळव्यांनी काच झाकते आहे,
जशी काही गळती थांबवायची आहे.
“परत घे,” मला म्हणाली. “तार परत घे.”

तीन ठिपके उमटले. विझले.
उमटले.
इल्मारनं खोकलाही धरून ठेवला.

उत्तर आलं ते शब्दांत नव्हतं.
राखाडी भुरका, थरथरणारा,
वाळूत किडे चालावेत तसा.
मी सांगितलं, बोटानं पुसा, खाली आहे.
तिनं माझ्याकडे पाहिलं ते
खिडकीपलीकडून पाहावं तसं,
जिथं दुसऱ्याची तार वाचणं गुन्हा होता.
“तू जरा बाहेर बघ.”

मी बाहेर बघितलं.
धक्क्यावर एक माणूस दोर गुंडाळत होता.
मागे काचेवर बोट घासल्याचा आवाज,
थांबत, पुन्हा लागत.

वळले तेव्हा भुरक्यानं
सगळं परत झाकून टाकलं होतं.

ती हातमोजे चढवत होती,
डावा उजव्यात.
दारापाशी थांबून म्हणाली,
“चौदा शब्द. मोजले मी.
त्यातले नऊ मी नक्की कापले असते.”